काटा आठशेच्या अलीकडे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि इतकं वय झालं तरी खोटं बोलायला शिकलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात दोष माझा होता असा तुमचा समज व्हायला नको. माझी तबकडी गोल आहे. तिच्यावर एक किलोपर्यंत पाच-पाच ग्रॅमच्या बारीक रेघा आहेत, आणि डोक्यावर पितळेची ताटली आहे. आजकालचे आकडे लुकलुकवणारे काटे माझ्याकडे बघून हसतात. हसू देत बापडे. सेल संपला की त्यांची बोलती बंद होते.

माझी उमेदीची वर्षं टपाल कचेरीत गेली. खिडकीमागे एक कारकून बसायचे आणि त्यांच्या उजव्या हाताला मी. लोक पाकिटं आणायचे, दोरीने आवळलेल्या पुड्या आणायचे. एका बाईंनी लेकीला पाठवायचे लोकरीचे मोजे माझ्यावर ठेवले, पुन्हा उचलले, घडी नीट केली आणि मग ठेवले. असली वजनं मला आवडायची.

आमच्या कचेरीत तिकिटांच्या दराचे वीस-वीस ग्रॅमचे टप्पे होते. टप्प्याच्या रेघेच्या पुढे काटा जरा जरी सरकला, तरी पुढचा टप्पा धरायचा. मी पंच्याऐंशी दाखवले की कारकून शंभर लिहायचे. पहिली काही वर्षं ते विचार करून लिहायचे. नंतर ते इतकं अंगवळणी पडलं की डोळे पंच्याऐंशी बघत आणि हात शंभर लिहून मोकळा होई. अशी चौतीस वर्षं गेली. त्यांच्या हिशेबात कधी खोट निघाली नाही, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

ते निवृत्त झाले त्याच महिन्यात मलाही मोडीत काढलं. त्यांनी साहेबांकडे मला मागून घेतलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. घरी त्यांची सून होती, ती औषधांच्या दुकानात कामाला जायची, आणि नऊ वर्षांची नात होती. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. पहिल्या आठवड्यात माझ्यावर पीठ मोजलं, साखर मोजली, माझं कौतुक झालं. मग मला कपाटावर चढवलं ते चढवलंच. ताटलीत सुटी बटणं, सुयांची डबी आणि कुठल्या तरी कुलपाची किल्ली जमा झाली. मित्रांनो, कामाच्या माणसाला अडगळ करून ठेवलं की कसं वाटतं, ते मला विचारा.

माझं नशीब फिरलं ते गठुड्यामुळे.

गठुडं म्हणजे नातीचं गिनीपिग. तपकिरी-पांढरं, शेपूट नसलेलं, बसलं की कपड्यांचं बोचकंच. नातीने ते आणलं तेव्हा आजोबांनी साफ सांगितलं होतं, "घरात जनावर नको. मी काही त्याचं करणार नाही." पण नात शाळेत जायची, सून दुकानात, आणि दिवसभर घरात उरायचे दोघंच. महिनाभरात आजोबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागले. कोणासाठी, ते मी कपाटावरून बघत होतो.

मग एके दिवशी गठुड्याने गवत सोडलं. गाजर तोंडात घ्यायचं आणि टाकून द्यायचं. हनुवटी सतत ओली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध दिलं आणि म्हणाल्या, "सध्या पोटाचं दुखणं वाटतंय. औषध लागू पडलं तर वजन टिकेल. नाही पडलं तर गुंगी देऊन मागच्या दाढा बघाव्या लागतील. एवढ्याशा जिवाला गुंगी म्हणजे धोकाच, म्हणून उगाच देत नाही. रोज सकाळी वजन करा. आठशेच्या खाली गेलं तर एक दिवसही थांबू नका."

"वजनाचं माझ्यावर सोडा," आजोबा म्हणाले.

बटणं, डबी, किल्ली सगळं खाली उतरलं. आजोबांनी मला पुसलं, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला, ताटलीत नातीचा जुना रुमाल घालून पुन्हा शून्यावर आणला. गठुडं माझ्यावर बसलं. इतकं ऊबदार ओझं मी आयुष्यात उचललं नव्हतं. त्याच्या काळजाची धडधड थेट माझ्या स्प्रिंगमध्ये उतरत होती आणि काटा थरथरत होता. मी आठशे तीस दाखवले. आजोबांनी वहीत सुबक अक्षरात लिहिलं: आठशे चाळीस.

मला वाटलं, चष्मा बदलायला झालाय.

चष्मा ठीक होता. पुढचे तीन दिवस मी आठशे पंधरा, आठशे दहा, आठशे पाच दाखवले. वहीत तिन्ही दिवस आठशे वीस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती ही. संध्याकाळी सून वही बघायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. नात उड्या मारत सांगायची, "टिकलंय. टिकलंय." आणि मी ताटलीवर रोज हलकं होत जाणारं गठुडं तोलत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मला फक्त काटा आहे, आणि तो मी जिथे ठेवायचा तिथेच ठेवत होतो.

त्यानंतर सातशे पंच्याण्णव. वहीत आठशे. मग सातशे नव्वद. वहीत आठशे. आठशेच्या खाली काही नाही, म्हणजे थांबायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी सूनबाईंना सुट्टी होती. गठुड्याला कुशीत घेताच त्या म्हणाल्या, "बाबा, याच्या बरगड्या हाताला लागतायत." त्यांनी स्वतः त्याला माझ्यावर ठेवलं, वाकून तबकडीसमोर डोळे आणले आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबल्या.

"बाबा, हे सातशे पंच्याऐंशी आहे."

"म्हणजे आठशे. पुढचा टप्पा धरायचा असतो."

"कशाला?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न आजोबांना कोणी विचारला नव्हता.

"काल खरं किती होतं?" सूनबाईंनी हळूच विचारलं.

"सातशे नव्वद," ते म्हणाले. "परवा सातशे पंच्याण्णव. त्याआधी आठशे पाच, आठशे दहा, आठशे पंधरा." सगळे आकडे त्यांना तोंडपाठ होते. डोळ्यांनी एकही चुकवला नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला की माझा सगळा राग जागच्या जागी विरला. सूनबाईंनी टोपलीत टॉवेल अंथरला आणि आजोबांच्या चपला दारापाशी आणून ठेवल्या.

दुपारी दोघं परतले. टोपलीत गठुडं गुंगीत होतं, पण श्वास चालू होता. मागच्या दाढा वाढून जिभेत रुतत होत्या. बिचाऱ्याला भूक होती, पण खाता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दाढा घासल्या आणि सांगितलं, "अजून दोन दिवस गेले असते तर मला काही करता आलं नसतं. आता जे काही आहे ते भरवण्यावर आहे."

नात शाळेतून आली तेव्हा आजोबांनी तिला समोर बसवलं. "चूक माझी आहे. मी वाढवून लिहीत होतो."

तिने त्यांच्याकडे बघितलं. "मुद्दाम?"

"नाही गं. सवयीने."

"मग आता बरोबर लिहा," ती म्हणाली आणि डोळे पुसून टोपलीपाशी जाऊन बसली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. दर तीन तासांनी आजोबा मांडीवर टॉवेल घेऊन बसायचे, भिजवून कालवलेला खुराक बिनसुईच्या पिचकारीत भरायचे आणि थेंब थेंब त्याच्या गालात सोडायचे. भरवताना स्वतःच आ वासायचे. नात त्यांची नक्कल करायची आणि सूनबाई हसू दाबायच्या. हनुवटी पुसायची, कुशीत ऊब द्यायची, रुमाल धुवायचा. घाई कोणी केली नाही. सातशे ऐंशी, पुन्हा सातशे ऐंशी, मग पंच्याऐंशी. काटा दोन रेघांच्या मध्ये थांबला, तर आजोबा लिहायचे, "सातशे नव्वदच्या किंचित अलीकडे." डॉक्टरीणबाईंना फोनवरही ते तसंच वाचून दाखवायचे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा मुका जीव आजारी पडेल. त्याला सांगता येत नाही, म्हणून त्याच्याकडे रोज नीट बघा आणि जे दिसेल तेच लिहा. तो बरा व्हावा अशी आशा खुशाल धरा, ती मीही धरली होती. फक्त ती वहीत लिहू नका.

आज सकाळी गठुड्याला माझ्यावर ठेवलं. त्याने ताटली हुंगली, रुमाल दातांनी ओढला, काटा आठशेच्या पुढे गरागरा नाचवला आणि तो थांबायच्या आत उडी मारून गवताकडे पळालं. आजोबांनी पेन उचललं, थोडा विचार केला आणि सुबक अक्षरात लिहिलं: "वजन घेता आलं नाही. बसत नाही."