एकच इसम

"आबा, हा मान-सू मेला असं तुम्हाले कोणी सांगितलं?"

माझ्या नातीच्या, पायलच्या हातात माझा कागद होता. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी कादंबरीतल्या माणसांची नावं लिहून ठेवली होती. कोरियातली नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. चार पानं उलटली की सासू कोण नि सून कोण, गोंधळ होतो. यादीत सगळ्यात वर पाक मान-सू, गावातल्या शाळेचा मास्तर. त्याच्या नावावर मी पेन्सिलने काट मारली होती.

मी तिला सांगितलं, की एकशे चाळीसाव्या पानानंतर तो येतच नाही. तिथून पुढे कोणी अराई नावाचा मास्तर शिकवू लागतो. जपान्यांचं राज्य, पोलिसांची धरपकड. मला वाटलं, मान-सूला नेलं असेल आणि लेखकाला ते लिहवलं नसेल. साठ पानं मी त्याची वाट पाहिली. मग काट मारली.

"तोच आहे न आबा हा," ती म्हणाली. "जपान्यांनी साऱ्यांले नावं बदलायला लावली. मान-सूच अराई झाला. तुम्ही एवढे वाचणारे, अन् तुम्हाले नाही समजलं?"

कोरियन मालिकांच्या नादात पुस्तक-प्रदर्शनातून तिनेच ही मराठीत आलेली कादंबरी उचलली होती, नि दहा पानं वाचून माझ्याकडे दिली होती. मला खरोखर लाज वाटली. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली. तेव्हा एखाद्या लेखकाचं टोपणनाव असलं, की त्याचं वेगळं कार्ड करायचं आणि त्यावर लिहायचं, 'पाहा' आणि पुढे मूळ नाव. वाचक कुठल्याही नावाने आला तरी त्याला माणूस सापडला पाहिजे. अशी शेकडो 'पाहा' कार्डं माझ्या हातची असतील. आणि इथे एकच माणूस समोर उभा असताना मी त्याला मारून मोकळा झालो होतो. पंचाहत्तरी उलटल्यावर वाचन सोडावं की काय, असंही मनात आलं.

पायल गेली नाही. कागद टेबलावर ठेवून तिथेच उभी राहिली. ती कशासाठी थांबली आहे हे मला माहीत होतं.

तिला नर्सिंगची सीट मिळाली होती, पण जातपडताळणीचे कागद शुक्रवारच्या आत द्यायचे होते. त्यात वंशावळ लागते, आणि पन्नास सालाच्या आधीचा एखादा पुरावा. अश्विन, माझा मुलगा, बुटीबोरीच्या कंपनीतून एक दिवसाची सुट्टी काढून उमरेडकडच्या आमच्या गावी गेला होता आणि शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा घेऊन आला होता. माझे वडील दोन वर्गच शिकले. उताऱ्यात त्यांचं नाव होतं, कचरू वल्द सोमा, म्हणजे सोमाचा मुलगा कचरू. माझ्या सगळ्या कागदांवर मात्र देवाजी धर्मपाल सोमकुवर. कचरू आणि धर्मपाल हा एकच माणूस, असं कोणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं होतं. ज्याने त्यांना पाहिलं असं कोणीतरी. तेवढा मीच उरलो होतो.

अश्विनने तीनदा सांगून झालं होतं. पहिल्यांदा मी चष्म्याचा नंबर बदलल्याचं सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणालो, उतारा दुसऱ्याच कोणा कचरूचा असेल, गावात तीन कचरू होते. काल रात्री जेवताना त्याने ताटावरून मान वर न करता विचारलं होतं, "बाबा, काहून लांबवून राहिले तुम्ही? सांगून तं द्या." मी ताट उचलून मोरीवर नेलं. आणि आज बुधवार होता.

"तुम्हाले नसन लिहायचं तं राहू द्या आबा," पायल म्हणाली. "मी पुढच्या वर्षी पाहीन."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी तिला बसायला सांगितलं, आणि जे अश्विनलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगू लागलो.

छप्पन साली माझे बाबा गावातल्या चौघांबरोबर नागपूरला आले, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि परत गेले ते धर्मपाल होऊन. हातात जिलबीचा पुडा होता. मी सात वर्षांचा. त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बसवलं, जिलबी वाटली आणि नवं नाव प्रत्येकाकडून तीनदा म्हणून घेतलं. पुढच्या वर्षी बाजारात गावच्या पाटलाने मला विचारलं, तू कोणाचा रे. माझ्या तोंडून सवयीने निघालं, कचरूचा. बाबा मागेच उभे होते. आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारलं, ते तेव्हा. मग खाली वाकून, हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "कचरू मेला. तुया बापाचं नाव धर्मपाल आहे."

"मग?" पायलने विचारलं.

"मग काही नाही. तेव्हापासून ते नाव मी घेतलं नाही. आता स्टँपपेपरवर लिहून देऊ की तो मेला नव्हता?"

ती म्हणाली, "अन् त्यांची आई? ती काय म्हणून हाक मारे त्यांले?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. बाबांच्या आईचं नाव गोपिका. बाबांच्या आधीची तिची तीन मुलं गेली होती. चौथा झाला तेव्हा तिने त्याला उकिरड्यावर ठेवलं, सुईणीने तिथून उचलून परत आणलं, आणि नाव ठेवलं कचरू. ज्याला कोणी विचारत नाही त्याला मरणही विचारणार नाही, अशी तिची समजूत. बाबा म्हणत, ते नाव गावाने आपल्यावर लादलं होतं. आजी म्हणे, मी ठेवलं, माया म्हणून ठेवलं. दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. कोणाचं खरं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. दोन दिवस ती हाक मारत होती, "कचरू, ये गा. ये न गा." बाबा बाहेर अंगणात खाटेवर बसून होते. ते तिच्या पायाशी सारखे जात, पाणी पाजत, पाय चेपत. पण ती हाक आली की ओ देत नसत. ती धर्मपाल म्हणेल, याची वाट पाहत होते. ती म्हणाली नाही. मी दाराआड उभा होतो. मला वाटलं, आपणच बाबांचा आवाज काढून हो म्हणावं, अंधारात तिला काय कळणार. माझी हिंमत झाली नाही. तिसऱ्या दिवशी हाक थांबली.

जाताना पायलने माझी पेन्सिल उचलून पुस्तकात, एकशे चाळीसाव्या पानावर ठेवली.

दुपारी मी ते पान पुन्हा वाचलं, आता माणूस ओळखीचा झाल्यावर. मान-सू कचेरीतून निघतो. घरी जात नाही. बापाच्या थडग्यापाशी जातो, दारूचा पेला ठेवतो, जमिनीला कपाळ लावतो आणि आपलं नवं नाव मोठ्याने सांगतो, म्हणजे बापाला पोराचा पत्ता लागावा. मग क्षमा मागतो. पहिल्या खेपेला हे मी कोणा उपऱ्याचं कर्मकांड समजून भराभर उलटलं होतं. या वेळी डोळे भरून आले, आणि लगेच मनात शंका आली, की मी कोणासाठी रडतो आहे. तिथे नाव हिसकावून घेतलं होतं. माझ्या बापाने स्वतःच्या हाताने टाकलं होतं, आणि त्या दिवशी आमच्या घरात जिलबी होती. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, एवढं मला नक्की समजतं. मग दोन्ही ठिकाणी एक म्हातारं माणूस जुन्या नावाने कोणाची तरी वाट पाहत का पडलेलं असतं, हे समजत नाही. कदाचित मी नीट वाचत नसेन.

संध्याकाळी मी लग्नपत्रिकेचा कागद घेतला. मान-सूवरची काट खोडरबराने पुसली आणि समोर लिहिलं, 'पाहा: अराई'. मग अश्विनला फोन करून सांगितलं, की उद्या पायलबरोबर तहसीलला जातो.

तहसीलच्या बाहेर निंबाच्या झाडाखाली टाइपिंगवाले बसतात. रामाजी नावाच्या टाइपिस्टने दोन मिनिटांत प्रतिज्ञापत्र काढून दिलं. त्यांच्यासाठी ते रोजचंच काम होतं. मी वाचून पाहिलं: कचरू वल्द सोमा आणि धर्मपाल सोमा सोमकुवर ही दोन्ही नावे एकाच इसमाची असून तो इसम म्हणजे माझे वडील होते. वंशावळीच्या कागदावर चौकटी होत्या. सोमा, त्याखाली ते दोघे एकाच चौकटीत, त्याखाली मी, अश्विन, पायल. गोपिकेला कुठे चौकट नव्हती. मी रामाजींना विचारलं, तर ते म्हणाले, बायकांची नावं यात लागत नाहीत.

नोटरीच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही बसलो. आत वकीलबाई एकेक कागद उचलून नाव वाचत होत्या. बरीच गर्दी होती आणि त्या घाईत होत्या. आमचा कागद हातात आल्यावर त्यांची नजर जिथे पडली तिथलं त्यांनी वाचलं.

"कचरू सोमा. कचरू सोमा कोण आहे?"

"हो," मी म्हणालो.

पायलने माझ्या बाहीला धरलं. "आबा, तुम्ही देवाजी आहे न," ती हळूच म्हणाली. पण मी बाकावरून उठलो होतो, आणि माझा आवाज जरा मोठाच निघाला होता.

वकीलबाईंनी मान वर करून पाहिलं. म्हातारा माणूस पाहून समोरची खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"या कचरूजी," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो.