तीन सोमवार

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते. फाईल मी दिली. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता.

पण आमच्याकडे फाईल मागितली की देतात. दौंडहून पुण्याला डेमू लोकलने कॉलेजला जायचे तेव्हा चार वर्षं मी मांडीवर दप्तर ठेवून लोकांची जर्नल्स लिहिली. "तेजश्री हुशार हाय" असं कुणी म्हटलं की समोर कोरी वही आलीच म्हणून समजायचं. नाही म्हणणारी मुलगी आखडू ठरते आणि लिहून देणारी गुणाची. मी गुणाची होते, आणि त्या गुणांसकट ऑगस्टच्या शेवटी नेदरलँड्सला पाणी व्यवस्थापनाचं मास्टर्स करायला आले.

इथलं काहीच अंगवळणी पडत नव्हतं. दुपारी सगळे गार ब्रेडमध्ये चीज घालून खातात आणि त्याला जेवण म्हणतात. समोरून वारा आला की सायकल जागची हलत नाही. आमच्या प्रोफेसरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला नुसतं मारायके म्हणा. पन्नाशीच्या बाईला नावानं हाक कशी मारायची? सहा आठवडे मी त्यांना कशीच हाक मारली नाही. त्यांचं लक्ष जाईपर्यंत टेबलापाशी उभी राहायचे.

ओळखीचा एकच होता, विश्वजीत. तो शिरूरचा, माझ्याच वर्गात आणि माझ्याच हॉस्टेलवर. त्याचे वडील सर्जेराव यांची शिरूरकडे शिक्षण संस्था आहे. त्या संस्थेच्या शाळेत माझी थोरली बहीण स्नेहल सहा वर्षं शिकवते. तिला कायम करायची ऑर्डर दर जूनमध्ये येणार असते. मी आले त्या दिवशी विश्वजीत स्टेशनवर आला, माझ्या दोन्ही बॅगा तीन मजले ओढत वर नेल्या आणि स्वतःचा जादाचा कुकर मला दिला. ताईला सांगितलं तर ती खूश. "बघ, आपलं मानूस आसलं म्हंजी कसं."

पहिली असाइनमेंट अशी होती: तुमच्या भागातल्या एका विहिरीची पाणीपातळी मिळवा आणि पावसाचं किती पाणी जमिनीत मुरतं ते काढा. सगळे इंटरनेटवर आकडे शोधायला लागले. माझ्याकडे माझ्या वडिलांची, आण्णांची वही होती. पाटसजवळची आमची विहीर चुलत्यांशी सामाईक आहे आणि मोटार कुणी किती तास चालवायची यावरून दरवर्षी भांडण ठरलेलं. म्हणून आण्णांनी दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या आणि दर सोमवारी पाणी मोजून वहीत लिहायला सुरुवात केली. त्याला अकरा वर्षं झाली. निघण्याआधी मी वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून आणले होते. ते आकडे उतरवायला मला बारा दिवस लागले. या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला स्वतःबद्दल बरं वाटलं.

विश्वजीत म्हणाला, "दे की जरा. नुसतं बघतो, फॉरमॅट कसा हाय त्ये." मी एका मिनिटात फाईल पाठवली.

दहा दिवसांनी दोघांनाही ईमेल आली. दोन असाइनमेंट्समध्ये विहीर एकच आहे, सोमवारी चौकशी समितीपुढे या. या पठ्ठ्यानं पाटस खोडून शिरूर केलं होतं आणि बाकी सगळं ठेवलं होतं. 'माझे वडील दर सोमवारी गाठींच्या दोरानं पाणी मोजतात' हेसुद्धा. सर्जेराव! त्यांना बांधावर गाडीतून खाली उतरताना कुणी पाहिलेलं नाही.

मारायकेनं मला नियम समजावला. ज्यानं उतरवलं तो अभ्यासक्रमातून बाहेर. ज्यानं दिलं त्याला त्या विषयात शून्य, पण तो राहतो आणि परीक्षा पुन्हा देतो. देणं हाही गुन्हा आहे, हे ऐकून मला हसूच आलं. त्या हिशेबानं मी डेमूतच चारदा बाद व्हायला हवी होते.

संध्याकाळी विश्वजीत हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात आला. "तू म्हन, तूच माझं घेतलं. तुला काय, तू कुठंबी लागशील परत. मला घरी तोंड दावता येनार न्हाई." त्यानं हे मीठ मागावं तसं मागितलं. मी त्याचा कुकर उचलला आणि आतल्या भातासकट त्याच्या दारासमोर नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला.

"सर्जेराव सरांनी आज हापिसात बोलावलं," ती म्हणाली. "च्या पाजला. माझी ऑर्डर दावली, सही झालेली. मग ड्रॉवरमधी ठेवली. म्हनले, तेजश्रीची मीटिंग झाली की देतो."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"तेजू, तू हुशार हायस. तू परत करशील. मला बत्तीस सरलं."

"ताई, मला हाकलून देतील इथून."

"मग ये की घरी. तुला घर तरी हाय. मला दुसरी शाळा कुठं हाय?"

मला सर्जेरावांचा राग आला त्याहून जास्त तिचा आला. हुशार आहेस, हे वाक्य तिनंही तसंच वापरलं, समोर कोरी वही सरकवायला. मी फोन ठेवला आणि आण्णांना लावला. वाटलं, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील.

"अकरा वर्सं वही घराभाईर गेली न्हाई," आण्णा म्हणाले. "सख्ख्या भावाला दावली न्हाई मी. आन् तू मागितली तशी दिऊन टाकली." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

समितीत तिघं होते, मधे मारायके. तिनं दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि विचारलं, "दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात तीन सोमवार रिकामे आहेत. का?"

विश्वजीत पटकन म्हणाला, "मोटार जळली होती."

"मोटार जळली म्हणून दोर का थांबला?"

तो आपलाच तक्ता चाळायला लागला. मारायके माझ्याकडे वळली.

वहीत त्या जागी आण्णांनी लिहिलेलं होतं: स्नेहलचं लग्न. दोर मांडवाला. मांडव बांधताना दोर कमी पडला तेव्हा आण्णांनी विहिरीवरचा काढून दिला, आणि मांडववाला बांबूंबरोबर तोही घेऊन गेला. परत मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. एरवी ताप असो, पूर असो, आण्णांचा सोमवार चुकला नव्हता. ही ओळ मी फाईलमध्ये उतरवली नव्हती, पण पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. शिरूरच्या ड्रॉवरमधली ऑर्डर ताईच्या हातात पडली असती, आणि आण्णांची अकरा वर्षं सर्जेरावांच्या नावावर चढली असती. हे दुसरं माझ्या घशाखाली उतरेना.

"मारायके," मी म्हणाले. पहिल्यांदाच. "हे पान बघ."

मी ओळ वाचून तिचा अर्थ सांगितला. मग म्हणाले, "मी लिहिलं. मीच त्याला दिलं. त्यानं मागितलं म्हणून दिलं. ती माझी चूक."

निकाल त्याच दुपारी आला. विश्वजीत बाहेर. मला शून्य.

मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला. मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

"फाडली," ती म्हणाली. "माझ्या म्होरं फाडली आन् म्हनले, उद्यापास्नं येऊ नका." तिचा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा होता. "पुरावा काय दावला तू?"

"वहीचं पान. तुझ्या लग्नाचं."

"माझ्या लग्नाचं?"

"तीन सोमवार रिकामे आहेत. दोर मांडवाला गेला होता."

"माझ्यापायी आण्णांनी तीन सोमवार सोडले, आन् तू त्येच पान..." तिनं वाक्य सोडून दिलं. "मी लई रागावलेय तुझ्यावर, तेजू. ह्यो राग लवकर जानार न्हाई."

"मीपण तुझ्यावर."

"आसू दे." नाक ओढल्याचा आवाज आला. "पेपर परत कवा हाय?"

"जानेवारीत."

"नीट लिही," ताई म्हणाली. "आन् कुनाला दावू नको."