झाकणावरचे नाव

मी एक जुना फ्रीझर आहे आणि बसलेल्या धक्क्यातून अजून सावरलेलो नाही. मित्रांनो, तुमच्या घरी ज्यात बर्फ आणि मटार ठेवतात, तो माझा लांबचा चुलतभाऊ. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते. बाल्टिमोरमधल्या एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मी उभा आहे. माझ्या कप्प्यांत बोटाच्या पेराएवढ्या कुप्या आहेत आणि त्या कुप्यांत साधे, निरुपद्रवी जीवाणू झोपलेले आहेत. माणसाच्या आजारांची जनुके त्यांच्या पोटात जपून ठेवलेली असतात.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. माणसे मला हात लावून बघत आणि कौतुक करत. आता दाराचे रबर सैल झाले आहे, अंग घरघरते, आणि पाठीवर बर्फ साचला तरी कोणी खरवडत नाही. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. माणसांकडून जे पाहिले, ते मात्र घशाखाली उतरत नाही.

पहिला धक्का तर आल्याआल्याच बसला होता. इथली माणसे शिकून सवरून डॉक्टरेट मिळवलेली असतात आणि तरीही दुसऱ्याच्या हाताखाली आणखी काही वर्षे शिकायला येतात. अशांना पोस्टडॉक म्हणतात. एक दिवस स्वतःची प्रयोगशाळा मिळेल, या आशेवर ती जेवणखाण विसरून राबतात.

लॉर्ना हॅस्केल त्यातलीच. पश्चिम व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या गावातून आलेली. आमचा प्रमुख व्हर्नन पेटिग्रू याने तिला पहिल्याच दिवशी माझ्यासमोर शब्द दिला होता, की जाताना तुझे काम तुझ्याबरोबर ने. त्या शब्दावर तिने वर्षानुवर्षे खपून मूत्रपिंडाच्या आजाराची जनुके शोधली, आणि ती घातलेल्या जीवाणूंच्या कुप्या माझ्या मधल्या कप्प्यात ठेवल्या. त्याच कामावर तिला ओमाहाच्या विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. त्या कुप्या नेल्या नाहीत, तर तिथे तिला रिकाम्या टेबलाशी बसावे लागणार होते.

व्हर्ननचा एक नियम होता. दरवर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी तो माझी सफाई करवून घेई आणि ज्या कुपीवर नाव नसेल ती कचऱ्यात टाकायला लावी. "नाव नाही, ते कोणाचंच नाही," असे तो म्हणे. एकदा त्याने रडणाऱ्या माणसाचा अख्खा डबा फेकायला लावला होता. नियम म्हणजे नियम.

निरोपाच्या दिवशी टेबलावर केक आला. लॉर्नाने माझे दार उघडून तिचा डबा काढला आणि व्हर्नन तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मूत्रपिंडाच्या कुप्या इथेच राहतील. बाकीच्या ने," तो म्हणाला.

"पण तू शब्द दिला होतास."

"तेव्हा मला वाटलं नव्हतं, त्यातून एवढं काही निघेल म्हणून."

मित्रांनो, मी मुळातच थंड, तरी त्या क्षणी मला कापरे भरले. हे जीवाणू म्हणजे विरजण. चमचाभर दिले तर मूळचे कमी होत नाही. दोघांनाही पुरले असते. पण आपल्याच हाताखाली शिकलेली मुलगी उद्या आपल्या पुढे जाईल, ही भीती त्याला खात होती.

कुप्या वेगळ्या करायचे काम मिरेलाकडे आले. मिरेला रुमानियाची, लॉर्नाच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी आणि तिची जिवाभावाची मैत्रीण. इथे हातमोज्यांपासून टेबलापर्यंत सगळ्यावर स्पिरिट फवारून पुसतात, पण मिरेला तर जेवणाचा डबाही फवारून पुसायची. कुप्यांवर बर्फाचा थर होता, नावे वाचता येत नव्हती. मैत्रिणीसाठी तिचा जीव तुटत होता आणि लक्ष ठिकाणावर नव्हते. तिने सगळ्या कुप्या टेबलावर ओतल्या, सवयीने स्पिरिट फवारले आणि कागदाने पुसल्या.

झाकणे कोरी झाली. स्पिरिटने न जाणारे पेन प्रयोगशाळेत कधी जागेवर सापडत नसे, म्हणून लॉर्नाने साध्या पेनाने नावे घातली होती. ती सगळी आता कागदावर निळ्या डागात उतरली होती.

"लॉर्ना, मी पुसलं. मी सगळंच पुसलं गं," मिरेला म्हणाली आणि तिने तो कागद तिच्यापुढे धरला.

व्हर्नन केकची बशी घेऊन आला, बघितले आणि लाल झाला. संतापाच्या भरात त्याच्या तोंडून तेच निघाले, जे दरवर्षी निघत असे.

"नाव नाही, ते कोणाचंच नाही. फेका सगळं."

कोणी हलेना, तेव्हा कुप्या डब्यात लोटून त्याने स्वतःच डबा कचऱ्याच्या टोपलीत टाकला. लॉर्ना शांतपणे पुढे गेली, टोपलीत वाकली आणि डबा उचलून छातीशी धरला.

"कोणाचंच नाही ना, व्हर्नन? मग कचऱ्यातलं मी नेते. एकेक वाढवून बघीन. जनुकं माझीच आहेत, मला ओळखू येतील."

केकचा काटा व्हर्ननच्या हातात तसाच राहिला. सगळ्यांदेखत बोललेला नियम त्याला गिळता येईना. मिरेलाने डोळे पुसत डबा कोरड्या बर्फात बांधून दिला आणि लॉर्ना केक न खाताच गेली.

पुढे महिनोन्महिने व्हर्नन माझ्या कप्प्यांत हात घालून शोधत राहिला. मूत्रपिंडाचे सगळेच त्या डब्यात गेले होते. त्याचे काम अडले. तिच्याकडे मागायला मात्र जीभ रेटत नव्हती.

मग ओमाहाहून एक पेटी आली. पेटीत ताज्या कुप्या होत्या. प्रत्येक झाकणावर चिकटपट्टीखाली जपलेली दोन नावे होती, त्याचे आणि तिचे. व्हर्नन माझे दार उघडे टाकून इतका वेळ उभा राहिला, की माझी घंटा किंचाळू लागली. दार उघडे ठेवणाऱ्यावर ओरडणारा माणूस तो, आणि त्याला ती घंटा ऐकूच येईना. माझे तर डोकेच चालेनासे झाले.

मित्रांनो, माझे दार वेळेवर लावत जा, पाठीवरचा बर्फ खरवडत जा. आणि कोणाला शिकवलेत, तर जाताना त्याला विरजण द्या. त्याला कचऱ्यात वाकायला लावू नका.

यंदा मिरेलाला ह्यूस्टनमध्ये जागा मिळाली. तिचा डबा व्हर्ननने स्वतः भरला, झाकणांवर तिचे नाव स्वतः लिहिले आणि तिच्या हातात दिला.

"पुसू नकोस," एवढेच तो म्हणाला.