ओल्या विटेवरची बोटे

मी एक म्हातारे खेचर आहे. आई घोडी आणि बाप गाढव, त्यामुळे ताकद एकीची आली आणि हट्ट दुसऱ्याचा, असे लोक म्हणतात. माझे नाव टर्निप, म्हणजे सलगम. अमेरिकेतल्या टेनेसीच्या ज्या शेतावर मी जन्मलो, तिथे त्या दिवशी सलगम उपटायचे काम चालले होते. नाव ठेवायला कोणी फार डोके चालवले नाही.

मित्रांनो, तरुणपणी मी नांगर ओढला. मग धन्याने ट्रॅक्टर घेतला आणि मला विकून टाकले. तेव्हापासून मी चार्ल्सटन या जुन्या बंदरगावात फिरायला आलेल्या पाहुण्यांची गाडी ओढतो. शनिवार-रविवारी आमच्या गावात जत्रा असावी तशी गर्दी होते. वाट मात्र आम्ही निवडायची नसते. गाड्यांच्या ठाण्यावर सोडतीत रंगीत चेंडू निघतो आणि ज्या रंगाचा निघेल त्याच भागात गाडी न्यायची. फेरी संपली की माझा ताप मोजतात. तो जास्त भरला तर सावलीत उभे करतात.

माझा गाडीवान लायल मनाने चांगला. तो गोष्टी रंगवून सांगायचा आणि मी कान टवकारून ऐकायचो. एका भागात बागेची जुन्या विटांची भिंत आहे, तिथे गेलो की आम्ही नेहमी थांबत असू. तिथल्या काही विटांवर बोटांचे ठसे आहेत. लायल म्हणायचा, "गवंड्याच्या पोरांचा हा उपद्व्याप. ओल्या विटांवर खेळली आणि बापाकडून कान उपटून घेतले." पाहुणे हसायचे, ठशांत बोटे घालून फोटो काढायचे. त्या खेळकर पोरांचा मलाही लळा लागला होता.

एका शनिवारी नेमका त्याच भागाचा चेंडू निघाला. गाडीत ओडेसा नावाच्या वृद्ध बाई होत्या आणि त्यांची नात ब्रिएल. त्यांचे पूर्वज इथलेच, पण त्या आता दूर उत्तरेला राहत. लायलचा विनोद झाला, सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या खाली उतरल्या, नातीची बोटे त्यांनी ठशांत ठेवली. ती अगदी बेतून काढल्यासारखी बसली.

"हिचं वय किती वाटतं तुला, बाळा?" त्यांनी लायलला विचारले.

"आठेक असेल, मॅडम."

"माझ्या आजीची आई एवढीच होती. नदीकाठच्या भट्टीवर दिवसभर उन्हात ओल्या विटा उलटायची. गुलाम होती ती. खेळत नव्हती."

लायलचे कान लाल झाले. आपल्याला जुन्या गाडीवानाने असेच शिकवले होते, असे तो पुटपुटला.

"शिकवलं असेल," बाई म्हणाल्या. "मी उद्या संध्याकाळी परत जातेय. उद्या काय सांगशील?"

लायलने त्यांना हात देऊन गाडीत चढवले आणि लगाम उचलला.

मित्रांनो, मी हादरून गेलो. नांगराला जुंपलेले खेचर मला ठाऊक होते, मीच ते होतो. पण माणसाचे मूल जुंपता येते, विकत घेता येते? आणि त्याच्यावर हसायला मी इतकी वर्षे पाहुणे ओढून आणत होतो? त्या संध्याकाळी मी पाण्याला तोंड लावले नाही. त्यांनी ताप मोजला. तो ठीक होता. थर्मामीटरला तेवढेच कळते.

रविवारी पुन्हा तोच रंग निघाला. गाडीत लग्नाआधीची मौज करायला आलेली नवरी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी, नुसता खिदळण्याचा कल्लोळ. भिंतीसमोरच्या पदपथावर ओडेसाबाई चर्चला जाताना घालायची मोठी टोपी घालून नातीसोबत बसल्या होत्या. लायलने त्यांना पाहिले आणि जीभ टाळूवर वाजवून मला पुढे चालण्याची खूण केली. त्याला न थांबता निघून जायचे होते.

माझे पाय उचलेनात.

"चल की रे म्हाताऱ्या," तो हळूच म्हणाला. मी हललो नाही. तोवर नवरीने गाडीतूनच हात लांबवून ठशात बोट घातलेही होते. "अय्या, कोणाची गं ही इवलीशी?"

लायलने लगाम मांडीवर ठेवला. "लहान मुलांची," तो म्हणाला. "ती खेळत नव्हती. मालकाने विकत घेतलेली मुलं होती, भट्टीवर राबत होती. हे गाव त्यांच्या हातांनी उभं राहिलंय."

नवरीने चटका बसावा तसा हात मागे घेतला.

ओडेसाबाई काठी टेकत जवळ आल्या. "हात काढू नकोस, पोरी," त्या म्हणाल्या. "ठेव. पण हळू ठेव."

नवरीने पुन्हा हात ठेवला. थोड्या वेळाने तिने तो अलगद काढला. मग मीच आपण होऊन चालू लागलो.

आता माझे गुडघे दुखतात. लवकरच मला कुरणात सोडतील आणि गाडीला दुसरे कोणी जुंपले जाईल. त्याला ही गोष्ट सांगायला मी तिथे नसेन, म्हणून तुम्हाला सांगितली. मित्रांनो, जुन्या भिंती बघायला जरूर जा. कोणी त्यांची हसरी गोष्ट सांगू लागला, तर ती भिंत कोणाच्या हातांनी उभी राहिली एवढे विचारा. आणि उत्तर ऐकून धक्का बसला, तरी तिथून पळू नका.