फिल्म कापणाऱ्यासाठी

“बाबा, हा बघा. हाच मोठा करून आणते.” स्वरालीनं मोबाइल सदाशिवरावांच्या नाकासमोर धरला.

फोटोत उमा होती. म्हणजे असावी. कुणाच्या तरी लग्नातला फोटो. मागची गर्दी पुसून तिथं निळा रंग भरला होता, आणि उमाच्या गालावरचे वांगाचे डाग, कपाळावरची आठी, सगळं ओल्या फडक्यानं पुसून घ्यावं तसं नाहीसं झालं होतं.

“ही इतकी गोरी कधी होती?”

“फिल्टर असतो हो, बाबा. आता सगळ्यांचे फोटो असेच असतात.”

“दुसरा बघ की एखादा. ही उमा वाटत नाही.”

आईच्या वर्षश्राद्धासाठी स्वराली पुण्याहून आली होती. सकाळपासून गुरुजींना फोन, वाणसामान, पितळेची भांडी, असं सगळं एकटीनं उरकून ती थकली होती.

“मग तुम्ही द्या,” ती म्हणाली. “उभा जन्म फोटो काढण्यात गेला तुमचा. गुरू काढला, शनी काढला, आभाळातली धूळसुद्धा काढली. तुमच्या हातचा आईचा एक फोटो द्या, तोच लावू.”

एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सदाशिवरावांना बरं वाटलं असतं.

ते संगणकापाशी जाऊन बसले. पाटबंधारे खात्यातली कारकुनी सोडली तर आयुष्यात त्यांनी हे एकच काम मन लावून केलं होतं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, कृत्तिका. एकेका चित्रासाठी शेकडो फोटो एकावर एक रचलेले. डिजिटल कॅमेरा आल्यापासूनचं सगळं आभाळ तिथं नीट नावं देऊन लावलेलं होतं. त्यात उमा नव्हती. एकाही फोटोत नव्हती. ती खाली घरात होती, पोळ्या लाटत होती, संकष्टीला चंद्राची वाट बघत जिन्यात उभी राहत होती.

“आज लवकर उगवू दे गं बाई,” ती म्हणायची.

“नको उगवू दे. सगळं आभाळ धुऊन टाकतो तो,” सदाशिवराव गच्चीवरून ओरडायचे.

“तुमचा वैरी असेल. माझं तर जेवण अडलंय त्याच्यावर.”

आणि मग त्यांना आठवलं. उमाचे फोटो होते. फिल्मच्या दिवसांतले. प्रत्येक रोलात एक.

त्याचं कारण बुद्धभूषण. औरंगपुऱ्यात त्याचा स्टुडिओ होता, अजूनही आहे. तो मोठा धूमकेतू आला होता त्या वर्षी सदाशिवरावांनी पिशोरच्या रानात जाऊन अख्खा रोल काढला आणि बुद्धभूषणकडे धुवायला दिला. आठवड्यानं पाकीट उघडून बघतात तर धूमकेतूचं डोकं एका तुकड्यावर आणि शेपूट दुसऱ्यावर.

“साहेब, मला काय माहीत?” बुद्धभूषण रडकुंडीला आला होता. “सगळी फिल्म कोरीच दिसली. कुठं एक फोटो संपतो अन् कुठं दुसरा सुरू होतो, कायबी कळंना. अंदाजानं कात्री मारली. पुढच्या टायमाला पहिला फोटो उजेडातला काढा. घराचा काढा, गाढवाचा काढा, कशाचाबी. तिथून माप धरून मी बराबर कापतो.”

तेव्हापासून नवा रोल भरला की दिवेलागणीआधी, कॅमेरा सगळा तयार करून झाला की सदाशिवराव गच्चीवरून हाक मारायचे, “उमा, जरा वर ये.” हात पदराला पुसत ती यायची.

“दूध आहे गॅसवर. माझा फोटो कशाला आता? वेणीसुद्धा घातली नाही.”

“तुझा नाही गं. फिल्म कापणाऱ्यासाठी आहे. उभी राहा नुसती.”

ती उभी राहायची. खट्‌ आवाज झाला की खाली पळायची.

पुढं डिजिटल आलं. धुणं नाही, कापणं नाही. उमाला गच्चीवर हाक मारायला कारण उरलं नाही.

निगेटिव्हचे डबे कपाटाच्या तळाशी होते; उमाच्या त्या फोटोंची प्रत कधी काढलीच नव्हती. सदाशिवरावांनी पट्ट्या खिडकीच्या उजेडात एकेक धरून बघितल्या. प्रत्येक रोलाच्या तोंडाशी ती होतीच. निगेटिव्हवर तिचा चेहरा काळा आणि केस पांढरे दिसत होते, शेवटी शेवटी झाले होते तसे. त्यांनी घाईनं डबे पिशवीत घातले आणि चपला पायात सरकवल्या.

“कुठं निघालात उन्हाचे?” स्वरालीनं विचारलं.

“आईचा फोटो घेऊन येतो.” किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

बुद्धभूषणच्या दुकानात आता आधारकार्डाचे आणि पासपोर्टचे फोटो निघत होते. फिल्म धुवायचं यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं, स्कॅनर तेवढा होता.

“साहेब! लई दिवसांनी. वहिनींचं कळलं होतं मला. मातीला आलो होतो, मागं उभा होतो.” त्यानं डबा उघडला आणि हसला. “आरं बापरे. हे तर माझेच फोटो. माझ्यासाठी काढलेले!”

पडद्यावर सगळ्या उमा ओळीनं आल्या, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. गच्चीवरून दिसणाऱ्या मकबऱ्याचे मिनार मागं, पुढं उमा. कुठं कपाळावर हात धरलेली, कुठं वैतागलेली, आणि एकीत, काय झालं होतं कोण जाणे, तोंड उघडून हसणारी. पुढचा वाकडा दात दिसत होता.

“ही,” सदाशिवराव म्हणाले. “हीच मोठी कर.”

बुद्धभूषणनं ती मोठी केली. पडदाभर झाली आणि उमा गेली. तिथं लुगड्याच्या रंगाचा एक डाग राहिला, वर कातडीच्या रंगाचा दुसरा. मागचे मिनार मात्र असे स्वच्छ की कठड्याची नक्षी मोजून घ्यावी.

“दुसरी बघू,” बुद्धभूषण हळूच म्हणाला.

दुसरी तशीच. तिसरीही तशीच. सदाशिवरावांना तिसरीलाच कळलं, तरी त्यांनी सगळ्या बघितल्या. आभाळ काढायचं तर लेन्स अनंतावर लावून ठेवावी लागते, मग दूरचं स्वच्छ येतं आणि जवळचं विस्कटतं. ती जरासुद्धा हलू नये म्हणून ते दिवसाउजेडीच चिकटपट्टी गुंडाळायचे आणि मग उमाला हाक मारायचे. चार हातांवरच्या बायकोसाठी ती पट्टी त्यांनी एकदाही सोडली नव्हती. कापणाऱ्याला कडा दिसल्या म्हणजे झालं.

“थांबा साहेब, आता एआय आलंय. एका मिनिटात क्लिअर.” बुद्धभूषणनं बटणं दाबली. पडद्यावर बाई आली. डोळे रेखीव, पापणीचा केस न् केस वेगळा. दात सगळे सरळ.

“ही कोण?” सदाशिवराव म्हणाले.

बुद्धभूषणनं ती बाई पुसून टाकली.

“बारीक असली की दिसते,” सदाशिवराव म्हणाले. “मोठी केली की जाते.”

“व्हय. बारकी काढू का?”

“किती बारकी?”

“बघू ना.” त्यानं एकाच कागदावर उतरत्या आकाराच्या उमा काढल्या. वहीएवढी नाही, पोस्टकार्डाएवढी नाही, काड्यापेटीएवढी थोडी थोडी. अंगठ्याच्या नखाएवढी झाली तेव्हा ती उमा होती. हसत होती. बुद्धभूषणनं ती कात्रीनं कापून दिली, कडा अगदी सरळ धरून. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर स्वरालीनं हात पुढं केला. “आणला?”

“नाही निघाला चांगला. तुझाच लाव.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग मोबाइल उचलून ती फोटो मोठा करून आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्ध यथासांग झालं. चौरंगावर निळ्या रंगातली उमा, हार घातलेली. शेजारच्या वच्छलाबाई हात जोडून तिच्यापुढं उभ्या राहिल्या. “किती गोऱ्यापान दिसत्यात हो उमावहिनी,” त्या म्हणाल्या, “अगदी टीव्हीतल्यावानी.” सदाशिवरावांनी मान हलवली. वडे, आमटी, खीर, सगळ्यांचं जेवण झालं. संध्याकाळच्या गाडीनं स्वराली गेली. जाताना फ्रीजमध्ये काय काय ठेवलंय ते दोनदा सांगून गेली.

मग त्यांनी खिशातून तो तुकडा काढला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, नीट दिसेना. देवघराच्या कोनाड्यात उमाचं पंचांग होतं आणि त्यावर ती तिथी बघायला वापरायची ते भिंग. त्यांनी भिंग आणून फोटोवर धरलं.

मिनार लख्ख उभे राहिले. उमा पाण्यात पडलेल्या शाईसारखी पसरली.

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. खिडकीपाशी खुर्ची ओढली, कागद हातभर लांब धरला, आणि डोळे बारीक करून उजेड असेपर्यंत बसून राहिले.