माझ्या डायलवरचं कुलूप

गडमुडशिंगीत एक चनबसाप्पा होते, त्यांचा लेक संगमेश, सून वर्षाराणी, आणि कोनाड्यात बसलेला मी. मी फोन बोलतोय, गोल डायलचा. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं वाहिलं, आज माझा राग ऐका.

चनबसाप्पा गुळाचे अडते. मार्केट यार्डात हातावर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचे. म्हातारपणी त्यांना विसर पडायला लागला. जेवल्याचं विसरले, लेकाला विसरले. दिवस कलला की मात्र दाराला झोंबायचे, "सौदा निघाला, सोडा मला."

"अप्पा, अडत कवाच बंद झाली की," वर्षाराणी म्हणायची. मग काठी तिच्या दंडावर बसायची.

संगमेश मला कानाला लावून जगाशी गप्पा मारायचा. बापाला एकदाही अंघोळ घातली नाही.

कोल्हापूरच्या एका दवाखान्यातल्या निशाताई अशा रुग्णांच्या घरच्यांना फोनवरून सल्ला द्यायच्या. वर्षाराणी दर सोमवारी त्यांच्याशी बोलायची, रडायची, परत कामाला लागायची. संगमेशला ते कळलं.

"घरातलं येड गावाला सांगतीस व्हय?" म्हणाला, आणि माझ्या डायलला कुलूप ठोकलं.

वर्षाराणीनं माहेरची पिशवी भरली. "आता न्हाय व्हत माझ्यानं," हे ती मला सांगत होती. ऐकायला दुसरं होतं कोण?

शहाण्याला एवढंही कळलं नाही, कुलूप डायलला बसतं, घंटीला नाही. सोमवारी हिचा फोन गेला नाही, म्हणून निशाताईंनीच केला. मी जीव तोडून वाजलो. तिनं पिशवी खाली ठेवून उचलला आणि सौद्याचं, काठीचं सगळं सांगितलं.

"वर्षाताई, त्यांना खोटं पाडू नका. सौदाच करा."

"मला कुठला येतोय सौदा?"

"त्यांना येतोय की."

तिनं हातावर टॉवेल टाकला. म्हातारा दार सोडून समोर बसला, आत बोटं चाचपली आणि हसला. "बाई चिवट हाय. भाव सोडंना."

तेवढ्यात संगमेश आला. बाप म्हणाला, "या पावणं, बसा सौद्याला."

पावणं म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्यानं गुमान टॉवेलखाली हात घातला. म्हाताऱ्यानं बोटं दाबली, परत दाबली.

"हा हात आमच्या संगूचा. मीच शिकिवलाय त्याला."

संगमेश उठला, किल्ली आणली, कुलूप काढलं. नंबर त्यानंच फिरवला. "ताई, मी संगमेश. अप्पांना अंघोळ कशी घालायची, तेवढं सांगा."

आता मी माळ्यावर धूळ खातोय, खाऊ दे. तुमच्या घरातली अशी एखादी बाई फोनवर बोलत असेल, तर कुलूप शोधू नका. त्या दिवशी वर्षाराणीची पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली, आणि अप्पांची पाठ चोळायला त्यांचा लेक बसला.