वेदीवरचा साप

आपल्या छापील चित्राची सुरळी बगलेत दाबून एर्कोलेने द्राक्षमळ्याचं फाटक ढकललं. ओर्सोलाबाई अंगणात शेंगा सोलत होत्या.

“या मास्तर! तुमचीच आठवण निघाली होती. तो परदेशी उमराव उद्या येतोय, तुमचं चित्र हातात घेऊन. वेदी पसंत पडून विकली गेली की त्या पैशात माझ्या रोझाल्बाचं लग्न उरकलंच म्हणा!”

एर्कोलेने सुरळी बगलेत आणखी घट्ट दाबली. मळ्यातल्या त्या पुरातन वेदीवर डावीकडे अंड्याकडे तोंड नेणारा साप होता, बघणाऱ्याने पाऊल मागे घ्यावं असा. उजवी बाजू पावसापाण्याने सपाट झाली होती. रोमला येणाऱ्या पाहुण्यांना झिजलेला दगड विकत घ्यायला आवडत नाही, म्हणून चित्रात तिथे त्याने मनानेच दोन पक्षी काढले. वर आळस नडला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र उलटं उतरवावं लागतं, तरच कागदावर सुलट छापलं जातं. त्याने सुलटंच उतरवलं. छापात पक्षी डावीकडे आले, साप उजवीकडे गेला. एखाद्या नवशिक्याने असं केलं असतं, तर त्यानेच त्याचे कान उपटले असते. पण मळ्यात जाऊन कोण पडताळतंय, असं म्हणून त्याने छाप विकायला ठेवले.

उद्या उमरावाने बाईंना लबाड ठरवण्याआधी सगळं कबूल करून टाकायचं, असं ठरवून तो आला होता.

“बाई, त्या चित्रात एक…”

“कळलं आम्हाला! चित्र नि दगड जुळेचना. माझं तर धाबंच दणाणलं. पण ब्रिझ्यो म्हणाला, मास्तरांचा हात चुकायचा नाही, आपल्याच दगडात खोट असणार.”

ब्रिझ्यो म्हणजे रोझाल्बाचा होणारा नवरा, पाथरवट. तो अंगणाच्या कडेला वेदीपाशीच उभा होता. त्याने हसत हसत तिच्यावरचं गोणपाट ओढलं.

डावीकडे दोन गुबगुबीत पक्षी होते, नव्या दगडासारखे पांढरेफटक. उजवीकडे साप होता, दोरखंडासारखा ताठ.

“इथे साप होता, तो तासून टाकला,” ब्रिझ्यो पक्ष्यांवर हात फिरवत म्हणाला. “आता जुळतंय ना, मास्तर?”

बाईंचा हात शेंगांवर थांबला. एर्कोलेचे कान लाजेने तापले. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने सुरळी उलगडलीच नाही.

“जुळतंय,” तो म्हणाला.

बाईंनी सुस्कारा सोडला आणि सोललेले दाणे त्याच्या ओंजळीत ओतले. “देव तुमचं भलं करो. उद्या उमरावापुढेही एवढंच सांगा.”

वेदीच्या पायथ्याशी कोंबड्या दगडाच्या कपच्या उकरत होत्या. दाणे कसेबसे खिशात सारून एर्कोले वाकला आणि त्याने एक कपची उचलली. तिच्यावर सापाचा डोळा शाबूत होता.

“ही नेऊ का?”

“न्या की,” ब्रिझ्यो म्हणाला. “पण तिचं काय करणार, मास्तर? तो साप तर खोटा होता.”